शाळा बंद असताना घरी काय टिकलं, काय बारगळलं

प्राथमिकच्या मुलांकडून घरी करून घ्यायच्या उपक्रमांच्या याद्या अजून फिरत असतात. पावसामुळे दोन दिवस शाळेला सुट्टी जाहीर झाली की कोणीतरी हमखास पाठवतं. त्यातले बरेचसे आमच्या घरी भरपूर वापरून झालेत, कारण दुसरा इलाजच नव्हता. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि गोव्यात प्राथमिकचे वर्ग पुन्हा भरायला फेब्रुवारी २०२२ उजाडला. थोरली तेव्हा तिसरीत गेली होती आणि धाकट्याचं नाव जूनमध्ये पहिलीत घातलं होतं. तो वर्गातल्या बाकावर पहिल्यांदा बसला तेव्हा दुसरी संपत आली होती!

आधी घरची परिस्थिती सांगते, म्हणजे आमचा अनुभव तुम्हाला कितपत लागू पडेल ते कळेल. आम्ही उत्तर गोव्यातल्या साखळीचे. घरात सासू-सासरे, मी शिवणकाम करते, नवरा कारखान्यात पाळीवर. धड चालणारा फोन एकच आणि तोही त्याच्याबरोबर जायचा. घरात कोकणी बोलतो, मुलं मराठी शाळेत. रेंज अंगणाच्या टोकाला बरी यायची. सत्तरी-सांग्यातली मुलं रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसत होती, त्यामानाने आमचं बरंच म्हणायचं.

आता मत. ज्या कामाचं उत्तर घरातल्या कोणाला तरी खरोखर हवं होतं, ते महिनोन्‌महिने टिकलं. जे फक्त फोटो काढून ग्रुपवर टाकण्यासाठी होतं, ते आठवड्याभरात मेलं. उपक्रम किती आकर्षक आहे, रंगीत आहे, तज्ज्ञांनी सुचवलाय, याचा टिकण्याशी फारसा संबंध दिसला नाही.

सगळ्यात जास्त चाललेली गोष्ट म्हणजे पर्जन्यमापक. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापायचा, तो उलटा करून नरसाळ्यासारखा त्याच बाटलीत बसवायचा आणि बाजूला पट्टी चिकटवायची, ही कृती सगळीकडे मिळते. पण दोन गोष्टी कोणी नीट सांगत नाही. एक, थंड पेयाच्या बाटलीचा तळ वेडावाकडा असतो. तळाशी खडे घालून, सपाट भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरून घ्यायचं आणि ती रेघ शून्य धरायची. दुसरी, बाटली सरळ बाजूंची हवी, मध्ये कंबर असलेली चालत नाही. बाजू सरळ असतील तर बाटली जाड असो की बारीक, पाण्याची उंची सारखीच येते. हे थोरलीला पटेना. मग तिनेच दोन वेगवेगळ्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि सकाळी पट्टी लावून बघितली.

मोजायची वेळ साडेआठची, कारण हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं. हे पाळलं तर पेपरातल्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघता येतो. आपल्याकडे पेपरवाले पाऊस इंचात देतात, मुलांची पट्टी मिलिमीटरची. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणजे रोज सकाळी एक भागाकार. दशांश चिन्ह तिसरीत शिकवत नाहीत, म्हणून आधी पंचवीसने भागायची. पुढच्या पावसाळ्यात आपणहून म्हणाली की ते पॉईंट चारचं काय करायचं? साखळीचा आकडा पेपरात वेगळा येतो, त्यामुळे गंमत आणखी वाढली. तिचा आकडा हुबेहूब जुळत नसे. आमची बाटली माडाच्या जवळ होती, झावळ्यांवरून ओघळणारं पाणीही त्यात पडायचं. ते लक्षात आल्यावर बाटली अंगणाच्या मधोमध गेली आणि आकडे जवळ आले.

हे टिकलं ते सासऱ्यांमुळे. त्यांचं बाजारात लहानसं दुकान. वाळवंटी नदी चढली की साखळीच्या बाजारात पाणी येतं, हे त्यांनी आयुष्यभर बघितलेलं. रोज सकाळी चहा घेताना ते विचारायचे, "काल किती पडला गो?" आणि तिने आकडा सांगितला की खालच्या फळीवरचा माल वर उचलायचा की नाही ते ठरवायचे. जुलै २०२१ मध्ये पूर आला, १९८२ नंतरचा सर्वात मोठा असं तेव्हा सांगितलं गेलं, त्या आठवड्यात घरात पंचांगापेक्षा तिच्या वहीला मान होता. शाळेच्या प्रकल्पासाठी मुलं पाऊस मोजतात ते चार दिवस. इथे पावसाळा संपेपर्यंत मोजला गेला, आणि नंतर धाकट्याने ते काम भांडून स्वतःकडे घेतलं.

गणितासाठी दुसरी उपयोगी पडलेली वस्तू फुकटची: माडाचे हीर. केरसुणीसाठी सोलून ठेवलेलेच होते. बोटभर लांबीचे तुकडे कापले आणि दहादहाच्या जुड्या दोऱ्याने बांधल्या. उद्देश एकच होता, दशक आणि एकक हाताला जाणवावेत. थोरली तेव्हा ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहायची. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. ही चूक बहुतेक मुलं करतात, कारण त्यांना प्रत्येक रकान्यात मोठ्यातून लहान वजा करणं एवढंच दिसतं. "वरून दहा उसने घे" असं कितीही वेळा सांगितलं तरी ते मंत्रासारखं पाठ होतं आणि दुसऱ्या दिवशी विसरतं. जुड्यांनी काय केलं, तर प्रश्नच वेगळा पडला. समोर पाच जुड्या आणि दोन सुटे हीर. मला सत्तावीस दे. दोनच सुटे आहेत, सात कुठून देणार? तिने स्वतः एका जुडीचा दोरा सोडला. आता चार जुड्या आणि बारा सुटे. हे कागदावर उतरवायला मग वेळ लागला नाही. धाकट्याला त्याचाच वेगळा फायदा झाला. बावन्न म्हणताना आपण दोन आधी बोलतो आणि लिहिताना पाच आधी, म्हणून तो २५ लिहून मोकळा व्हायचा. पाच जुड्या डाव्या हाताला, दोन हीर उजव्या हाताला मांडायची सवय लागल्यावर गोंधळ हळूहळू कमी झाला. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात "पन्नास दोन" अशी वाचनपद्धत आणली तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. मला तीही उगाच केलेली वाटत नाही, पण जुड्या हातात असतील तर जुन्या नावांनीही काम भागतं.

पोदेराचा हिशेब हाही असाच. सकाळी भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, पैसे आम्ही महिन्याअखेरीस देतो. रोज किती पाव आणि किती पोळ्या घेतल्या ते कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचं काम थोरलीकडे. महिन्याची बेरीज आणि गुणाकार तिचाच. एकदा तिचा आणि पोदेराचा आकडा जुळला नाही. तो उभ्या उभ्या तिच्याशी मोजत बसला आणि तिचं बरोबर निघालं. गुणाकाराच्या सरावाला याहून चांगलं बक्षीस मी तरी देऊ शकले नसते.

शिवणाच्या टेपचंही तेच. २०२० च्या उन्हाळ्यात माझ्याकडे मास्कचंच काम होतं. इलॅस्टिकचे सारखे तुकडे कापणं, एका मीटर कापडात किती मास्क बसतील ते आधी कागदावर आखून बघणं. टेपच्या एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असल्याने पावसाच्या इंचांशी गाठ आपोआप पडली. धाकट्याकडे तांदूळ निवडणं, चिंचोके रांगेत मांडणं, पिठाच्या गोळ्या वळणं. बोटांत ताकद नसताना सहा वर्षांच्या मुलाला पानभर अक्षरं गिरवायला लावण्यात अर्थ नाही, हे टीचरनीच फोनवर सांगितलं होतं. बाकी कामांचं वर्णन करण्यासारखं काही नाही.

वाचनाच्या बाबतीत दोन फुकटच्या जागा पुन्हा पुन्हा उघडल्या. एक बालभारतीचं "किशोर" मासिक. ते १९७१ मध्ये सुरू झालं आणि जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. तिसरीच्या मुलीला सगळं झेपत नाही, पण कोडी आणि चित्रकथा झेपतात, आणि सासूबाईंनाही जुने अंक वाचायला आवडले, हा वरचा फायदा. दुसरी प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही साइट. इथली पुस्तकं चार पातळ्यांत लावलेली असतात, पहिल्या पातळीवर एका पानावर एखादंच वाक्य. उतरवून घेता येतात, छापताही येतात, मराठीबरोबर कोकणीतलीही आहेत. रात्री फोन घरी आला की दोनतीन उतरवून ठेवायची आणि सकाळी फोन गेला की रविवारी छापून आणलेल्या पानांवर चालवायचं, अशी आमची रीत होती. ज्यांच्या घरी फोन दिवसभर असतो त्यांनीही छापून बघावं. फोनवर मुलं पान सरकवतात, कागदावर वाचतात.

मोठ्याने वाचून दाखवायला मात्र ऐकणारा लागतो, आणि आईला ऐकायला वेळ आहे की नाही हे मुलांना बरोबर कळतं. मी मशीनवर बसून "हं, हं" करत असले की थोरली ओळी गाळायची. मग काणकोणच्या आत्येला संध्याकाळी फोनवर एक गोष्ट वाचून दाखवायची ठरली. आत्येची दृष्टी अधू आहे, तिला खरंच कोणीतरी वाचून दाखवायला हवं होतं. आत्या मध्येच थांबवायची, "तो परत कोण रे?" असं विचारायची. उच्चार सुधारले, विरामचिन्हं पाळली जाऊ लागली. घरात कोकणी बोलणाऱ्या मुलांच्या कानावर शाळेबाहेर मराठी पडते ती भजनं आणि बातम्यांतली. म्हणून हे सगळ्यात गरजेचं होतं असं मला वाटतं.

गणेश चवथीच्या आधी माटोळीची वही झाली. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची, फळं-फुलं बांधलेली लाकडी चौकट. माटोळीला काय काय बांधायचं याची यादी सासूबाईंच्या डोक्यात असते आणि दर वर्षी आदल्या दिवशी काहीतरी राहतं. मुलांनी ती कागदावर उतरवली: कांगलां, घागऱ्या, आंबाडे, कवंडळ, तोरिंगण, सुपारीचा कातरो, नारळाची पेंड, चिबूड. प्रत्येकापुढे रकाने: परसातलं की रानातलं, वेल की झाड, खायचं की नाही. कवंडळ दिसायला लालभडक, पण खायचं नाही, हे धाकट्याने मोठ्या अक्षरात लिहिलं. वर्गीकरण म्हणतात ते हेच, पण कार्यपत्रिकेवरच्या सफरचंद-केळ्यांवर गोल करण्यापेक्षा कितीतरी कठीण, कारण काही वस्तू दोन रकान्यांत जात होत्या आणि सासूबाई आणि सासऱ्यांचं त्यावर एकमत नव्हतं.

खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची टाकाऊतून खेळणी हा प्रकार थोरलीला आवडला. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून त्रिकोण केला तर तो हलत नाही, चौकोन मात्र लगेच कलतो. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात ते तिला तिथे कळलं. अडचण एवढीच की टाळेबंदीत सायकलचं दुकान बंद आणि व्हॉल्व्ह ट्यूब मिळेना.

एनसीईआरटीने एप्रिल २०२० मध्ये प्राथमिकसाठी पर्यायी शैक्षणिक दिनदर्शिका काढली होती. आठवडेवार उपक्रम, आणि इंटरनेट नसलेल्या घरांशी शिक्षकांनी फोनवर किंवा एसएमएसवर कसा संपर्क ठेवावा हेही त्यात होतं. पालकांनी जशीच्या तशी राबवायची ती गोष्ट नाही. मी त्यातली त्या त्या इयत्तेत काय यायला हवं याची यादी वापरली, उपक्रम घरचे घेतले.

बारगळलेल्या गोष्टी भराभर सांगते. रंग भरायच्या छापील पानांचा गठ्ठा, त्यातला निम्मा तसाच पडून आहे. भिंतीवर लावलेलं तासांचं वेळापत्रक, ते पहिल्याच सोमवारी मोडलं. एक पैसे भरून घेतलेलं ॲप, त्यात मुलं उत्तर न वाचता चारही पर्याय दाबत नाणी गोळा करायची. पहिलीच्या मुलाचा फोनवरचा वर्ग, त्यात तो इतरांच्या घरातल्या कोंबड्या बघायचा. आणि दर आठवड्याची हस्तकला, जी शेवटी आयाच करत होत्या. ग्रुपवर आलेले फोटो बघितले तर ते कोणालाही कळलं असतं, पण बोललं कोणीच नाही.

जे घरी झालंच नाही, तेही लिहायला हवं. शाळा सुरू झाल्यावर थोरली वाचनात आणि हिशेबात वर्गाबरोबर होती. पण सलग पानभर लिहायची सवय पार गेली होती, अर्ध्या पानावर हात दुखायचा. धाकटा रांगेत उभा राहीना, दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबेना. यावर घरगुती उपक्रम नाही. दोन भावंडांच्या घरात पंचवीस मुलांचा वर्ग कुठून आणणार? त्याला ते पूर्ण वर्षभर वर्गातच शिकावं लागलं.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी एकदम दहा गोष्टी काढू नयेत. दोन पुरेत, आणि त्यातली एक अशी हवी की जिचं उत्तर आजी-आजोबांना लागतं. दिवसाला अर्धा-पाऊण तास, त्यावर आमच्याकडे कधीच चाललं नाही. हिरांच्या जुड्या दोऱ्यानेच बांधा, रबराने नको. पावसाळ्यात रबर विरघळून हिरांना चिकटतं. आणि हीर ओले असताना कापू नका, आधी दोन दिवस माळ्यावर वाळवा, नाहीतर बुरशी धरते.