वादळ टिपायचं की पाऊस मोजायचा?

अमेरिकेत हवामानासाठी स्वयंसेवा करायची म्हटलं, की मुख्यतः दोन नावं पुढे येतात. एक ‘स्कायवॉर्न’, म्हणजे राष्ट्रीय हवामान सेवेचे वादळ-निरीक्षक. दुसरं ‘कोकोराझ’, म्हणजे घरच्या अंगणातला पाऊस, गारा आणि बर्फ मोजणाऱ्यांचं जाळं. मानधन दोन्हीकडे नाही. फरक आहे तो स्वभावाचा.

स्कायवॉर्नचं प्रशिक्षण मोफत असतं आणि एका बैठकीत होतं. मग काम नसलं तर महिनोन्महिने नसतं, आलं की मात्र त्याच क्षणी करावं लागतं. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारचा झोत लांब जाता जाता उंच होत जातो. ढगाच्या तळाशी काय चाललंय ते त्याला दिसत नाही. तिथे माणसाचे डोळे हवेत. पण डोळे फसतातही. ढगाखाली लोंबणारी काळी चिंधी टोर्नेडोसारखी दिसते, म्हणून घाई न करता पाहायचं: ती स्वतःभोवती फिरतेय का, की नुसती वाऱ्यासोबत वाहतेय? फिरणं दिसलं नाही, तर टोर्नेडो म्हणायचं नाही. गारही ‘मोठी’ म्हणून कळवू नये, शक्य असेल तर पट्टीनं मोजावी. 1 इंच व्यासाची गार किंवा ताशी 58 मैलांचा वारा, यापासून पुढे अमेरिकेत वादळ ‘तीव्र’ गणलं जातं. आणि हे सगळं सुरक्षित जागेवरून. गडगडाट ऐकू आला की आत जायचं, शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं आतच थांबायचं. वादळाचा पाठलाग या कामात येत नाही.

कोकोराझच्या मुळाशी एक पूर आहे. जुलै 1997 मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या एका भागात काही तासांत फूटभराहून जास्त पाऊस कोसळला, तर त्याच शहरात दुसरीकडे तो बेताचाच होता. पाच जणांचे जीव गेले. पुढच्याच वर्षी हे जाळं सुरू झालं. 4 इंच व्यासाचा पर्जन्यमापक आपण घ्यायचा, झाडं आणि भिंतींपासून दूर, मोकळ्यावर लावायचा. आतल्या नळीचं क्षेत्रफळ वरच्या तोंडाच्या एक दशांश असतं, त्यामुळे 1 इंच पाऊस नळीत 10 इंच उंच दिसतो आणि इंचाचा शंभरावा भागही वाचता येतो. वाचताना डोळा पाण्याच्या पातळीत ठेवायचा, कडेला चढलेलं पाणी सोडून मधल्या खोलगट भागाचा आकडा घ्यायचा. नोंद रोज सकाळी, साधारण सातला. पाऊस नसेल तर शून्यही भरायचं; कोरडा दिवस आणि विसरलेला दिवस यांतला फरक त्याशिवाय कळत नाही.

मोकळं अंगण नसेल, तर प्रश्नच मिटला: स्कायवॉर्न. आभाळ भरून आल्यावर तुमचं चित्त थाऱ्यावर राहत असेल, तरीही तेच. पण अंगण असेल आणि सकाळी घरी असाल, तर माझं मत ठामपणे पर्जन्यमापकाच्या बाजूचं आहे. मुसळधार पाऊस किंवा गारा सुरू असताना तातडीची नोंद कोकोराझवरूनही पाठवता येते आणि ती थेट हवामान कार्यालयात पोचते. स्कायवॉर्नचा वर्ग पुढच्या हंगामाआधी करता येईल. दोन्ही एकत्र करायला काहीच आडकाठी नाही.