वाती विकत घेणारा शेवटी कोण, हे मी विचारलेच नाही

2023 च्या दिवाळीनंतर, अक्कलकोट रस्त्यावरील ज्या चादरीच्या कारखान्यात माझे पती एकोणीस वर्षे मागावर होते तो बंद पडला, तेव्हा आमच्या हाताशी एकूण बारा हजार रुपये होते. घरबसल्या काहीतरी करावे, या विचारात असतानाच बचत गटातील एका ताईंनी छापील पत्रक आणून दिले. कापसाच्या वाती बनवण्याचे यंत्र आमच्याकडून घ्या, कापूसही आम्हीच देऊ आणि तयार वाती किलोला तीनशे रुपये मजुरी देऊन आम्हीच परत घेऊ, असा त्यातील मजकूर होता. त्या पत्रकापासून सदुसष्ट हजार रुपये हातचे जाईपर्यंतची हकीकत मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण तशीच पत्रके आजही सोलापुरात वाटली जात आहेत. फक्त वातींच्या जागी कधी द्रोण-पत्रावळी असते, तर कधी अगरबत्ती.

ही योजना मला खरी का वाटली, ते आधी सांगते, कारण माझी चूक तिथेच झाली. माझ्या आईने आयुष्यभर विड्या वळल्या. विडी कारखान्याच्या शाखेतून तेंदूचे पान आणि तंबाखू आणायचा, सूप मांडीवर घेऊन घरी विड्या वळायच्या, दुसऱ्या दिवशी जुड्या नेऊन द्यायच्या आणि हजारामागे मजुरी घ्यायची, हे सोलापूरच्या पूर्व भागातील घराघरांत चालते. त्यामुळे कच्चा माल घ्या आणि पक्का माल द्या, हा व्यवहार मला नवा वाटला नाही, उलट ओळखीचा वाटला. मात्र विडी कारखान्याने आईकडून पान-तंबाखूसाठी कधी साठ हजार रुपये आधी मागितले नव्हते, एवढी साधी गोष्ट त्या वेळी माझ्या ध्यानात आली नाही. ज्याला खरोखर माल हवा असतो तो मजूर शोधतो. यांना यंत्राचे गिऱ्हाईक हवे होते.

प्रात्यक्षिक एका भाड्याच्या गाळ्यात होते. तिथली मुलगी यंत्रात पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची लांब वळी, सोडत होती आणि पुढून एकसारख्या, घट्ट पिळाच्या लांब वाती पडत होत्या. दिवसाला पाच किलो माल निघतो, म्हणजे दीड हजार रुपये, आणि पंचवीस दिवसांचे साडेसदतीस हजार, असा हिशेब व्यवस्थापकाने फळ्यावर मांडून दाखवला. यंत्राचे बासष्ट हजार, दहा किलो कापसाची अनामत साडेतीन हजार आणि उद्यम नोंदणीचे, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचे, दीड हजार, असे सदुसष्ट हजार रुपये मी भरले. त्यांपैकी तीस हजार बचत गटाचे कर्ज होते, पंचवीस हजार माझ्या पाटल्या गहाण ठेवून आणले होते आणि उरलेले बारा हजार म्हणजे घरात होते नव्हते तेवढे सगळे. उद्यम नोंदणी सरकारच्या संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत होते, हे मला नंतर कळले. दीड हजार ही रक्कम लहान असली, तरी माणूस पहिल्याच दिवशी खोटे बोलत होता, याचा तो पुरावा होता.

यंत्र घरी आले आणि पहिल्याच दिवशी प्रात्यक्षिकातील वेग गेला. आम्हाला दिलेल्या कापसात गाठी होत्या. पेळू रुळात अडकायचा, वात मध्येच बारीक व्हायची आणि मोटार तापली की अर्धा तास थांबावे लागायचे. दोघांनी मिळून आठ तास काम केले, तरी सव्वा किलोच्या वर माल निघाला नाही. पहिले दहा किलो पूर्ण करायला आठ दिवस लागले. ते आम्ही नेऊन दिले आणि संध्याकाळच्या आत तीन हजार रुपये पतींच्या खात्यावर जमा झाले. त्या रात्री मी शेजारच्या दोघींना फोन करून ही बातमी सांगितली, ही गोष्ट मला आजही टोचते. आम्हाला मिळालेले ते पैसे आमच्यामागून भरणा केलेल्यांचेच असणार, हे आता स्पष्ट दिसते. सुदैवाने त्या दोघींकडे भरायला रक्कम नव्हती.

दुसऱ्या खेपेला व्यवस्थापकाने गठ्ठ्यातील एक वात उचलली, अंगठा आणि तर्जनीत धरून उलटी फिरवली आणि पीळ सुटलेला मला दाखवला. दहापैकी चार किलो माल त्याने नापास केला आणि उरलेल्या सहा किलोंचे अठराशे रुपये पुढच्या खेपेसोबत देतो असे सांगितले. विड्यांची छाननीही अशीच होते. पण तिथे कामगाराच्या पाठीशी तेव्हा निदान 1966 चा विडी कामगार कायदा होता आणि नापास विड्यांवरून वाद झाला तर तो कोणाकडे न्यायचा, याची त्यात सोय होती. माझ्या हातात शंभर रुपयांच्या मुद्रांकावरचा करार होता, ज्यात ‘कंपनीच्या गुणवत्ता निकषांत बसणारा मालच परत घेतला जाईल’ असे लिहिले होते आणि ते निकष कुठेच दिलेले नव्हते. सही करताना मी हे वाक्य वाचले होते. निकष कोणते, असे विचारणे मात्र मला उद्धटपणाचे वाटले.

तिसरी खेप घेऊन गेलो तेव्हा गाळ्याच्या शटरवर ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी होती आणि फोन बंद होता.

त्या वाती निदान बाजारात विकाव्यात म्हणून मी मधल्या मारुतीजवळ पूजासाहित्याच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे गेले. चांगल्या वातीला किलोमागे तीनशे ऐंशी रुपये देतो, असे त्यांनी सांगितले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कंपनीच्याच हिशेबाने कापूस साडेतीनशेचा आणि मजुरी तीनशेची, म्हणजे साडेसहाशे रुपयांना पडलेला माल बाजारात तीनशे ऐंशीला जातो. किलोमागे दोनशे सत्तर रुपये तोटा सोसून आमच्याकडून वाती घेणारा माणूस धंदा वातींचा करत नव्हता. ही चौकशी करायला मला रिक्षाचे चाळीस रुपये लागले. पैसे भरण्याआधी गेले असते तरी तेवढेच लागले असते.

यंत्राची पावती कच्ची होती, पण तिच्यावर शिक्का होता आणि शिक्क्यात जीएसटी क्रमांक होता. भाच्याने तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला, तेव्हा नोंदणी केव्हाच रद्द झालेली निघाली. हा क्रमांक पंधरा अंकाक्षरांचा असतो, महाराष्ट्रातील नोंदणी 27 ने सुरू होते आणि तो तपासायला कोणतेही शुल्क लागत नाही.

पोलीस ठाण्यात आम्ही अर्ज दिला. करार असल्यामुळे हा दिवाणी वाद आहे, असे आधी सांगण्यात आले आणि पोच घ्यायला तीन हेलपाटे घालावे लागले. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग एका वकीलबाईंनी दाखवला. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार तिथे चालत नाही असे मी ऐकले होते, पण केवळ स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्यासाठी घेतलेल्या वस्तूला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती अडचण नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. सोबत मी करार, कच्ची पावती, तीन हजार जमा झाल्याचा संदेश आणि नापास म्हणून परत केलेल्या चार किलो वाती जोडल्या आहेत.

यंत्र माजघरातच आहे. भंगारवाला मोटारीसह अडीच हजारांना न्यायला तयार होता, परंतु निकाल लागेपर्यंत ते विकू नका, असे वकीलबाईंनी बजावले आहे. बचत गटाचा हप्ता दर महिन्याच्या दहा तारखेला असतो.