कार्बन केबिन फिल्टर: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरून

गाडीच्या एसीचा कुबट वास जावा म्हणून कार्बन फिल्टर (केबिनमध्ये येणारी हवा गाळणारा, वास शोषणारा कार्बन असलेला फिल्टर) घेणार असाल तर आधी हे वाचा. पुढच्या ट्रकचा धूर, जळता कचरा, नाल्याची दुर्गंधी यांवर तो चांगलं काम करतो. साध्या कागदी फिल्टरपेक्षा फरक स्पष्ट जाणवतो. पण एसी लावताच पहिलं मिनिटभर येणारा ओलसर, आंबूस वास त्याने जात नाही. तो वास कूलिंग कॉइलवर तयार होतो आणि फिल्टर बसतो कॉइलच्या आधी.

कॉइलमध्ये गॅस उकळतो, हवेतली उष्णता ओढून घेतो आणि कॉइल शून्य अंशाच्या थोडी वर राहते. हवेतल्या दमटपणाचं तिच्यावर पाणी होतं आणि पाइपातून गाडीखाली गळतं. गाडी बंद केली की कॉइल बंद डब्यात ओलीच राहते. पत्र्यांत अडकलेल्या धुळीवर मग बुरशी धरते. काही बेस व्हेरियंटमध्ये फिल्टरची नुसती जागा असते, फिल्टर नसतो. तिथे हा थर भराभर जमतो.

बसवायला गॅरेज लागत नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली उतरतो, मागे झाकण असतं. फिल्टरवरचा बाण हवेच्या दिशेनेच ठेवायचा. आमच्या फिल्टरची चौकट जराशी सैल निघाली. काढून पाहिल्यावर वरच्या बाजूला पानांचा चुरा, डास, राखाडी थर हे अपेक्षितच होतं. पण स्वच्छ बाजूच्या एका कडेला धुळीची काळी रेघ उमटली होती. म्हणजे तिथून हवा न गाळताच जात होती. कडेला फोमची पातळ पट्टी चिकटवल्यावर ते थांबलं.

पावसाळ्याच्या शेवटी वास रोखण्याची ताकद बरीच उतरली. दमट हवेत कार्बन लवकर थकतो. धुऊन किंवा हवा मारून तो परत ताजा होत नाही, उलट गाळणीचे तंतू खराब होतात. हवेचा जोर कमी झाला की लगेच ‘गॅस भरू’ असं सांगितलं जातं. आधी फिल्टर काढून ब्लोअर लावून बघा. जोर परत आला तर दोष फिल्टरचा. गॅस गळतीशिवाय कमी होत नाही.

आंबूस वासासाठी फोम क्लीनर घ्या. एसी बंद, फिल्टर बाहेर. नळी पाणी गळणाऱ्या पाइपातून कॉइलपर्यंत घालायची, क्लीनरचा डबा आत रिकामा करायचा, १५-२० मिनिटं थांबून काचा उघड्या ठेवून ब्लोअर फुल. फिनेल, ब्लीच अजिबात नको, ब्लीच कॉइलचं ॲल्युमिनियम खातं. जाळीतून सेंट मारणं म्हणजे पैसे वाया. रोज पोहोचण्याआधी तीन-चार मिनिटं एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला की कॉइल बरीच सुकते. या सवयीचा फायदा फिल्टरपेक्षा जास्त.

दमट दिवशी एसी चालू असताना गाडीखाली पाणी टपकत नसेल आणि डावीकडच्या सीटपुढचं कार्पेट ओलं असेल, तर पाइप तुंबलाय. गोडसर वास आणि काचेवर तेलकट धुकं असेल तर मात्र हीटरचा कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गळतोय, एसीचा काही संबंध नाही.

चौकट सैल असल्याने ५ पैकी ३.