कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी: नाइट करून घरी आल्यावर भरून पाहिली

नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला आहे, अकरा वर्षं. गेल्या महिन्यात आमच्याकडे वेलनेसवाले आले, स्टाफचा बर्नआउट, म्हणजे कामाने पार थकून जाणं, मोजायला. नाइट संपवून पुढच्या शिफ्टला ओव्हर देत होते, तेवढ्यात मेट्रननी टॅब पुढे केला, "पाच मिनिटांत भरा, सिस्टर." पहिलाच रकाना एम्प्लॉयी आयडीचा. आयडी टाकून खरं कोण लिहील?

चाचणी मास्लाकची, २२ प्रश्नांची. तिच्यात तीन भाग असतात: भावनिक थकवा, रुग्णांबद्दल येणारा कोरडेपणा आणि कामातून काही साधल्याचं समाधान. समाधानाचे गुण जितके जास्त तितकं बरं. वेलनेसवाल्यांनी तिन्ही भागांचं मिळून एकच उत्तर पाठवलं, "बर्नआउट ५४ टक्के". म्हणजे बीपी, पल्स आणि शुगर यांची बेरीज करून फाइलवर लिहिल्यासारखं. खाली सल्ला, प्राणायाम करा. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, बर्नआउट आजार म्हणून नाही, कामावरच्या न आवरलेल्या ताणातून येणारी स्थिती म्हणून नोंदलाय. मग औषध मलाच का?

त्या रागात कोपनहेगनची शोधली. २००५ सालची, १९ प्रश्न, फुकट. सीबीएस स्टँडजवळ प्रिंट काढली आणि पंचवटीत घरी चहा घेत भरली. प्रत्येक उत्तराला ० ते १००, मग स्वतःचा थकवा, कामाचा आणि रुग्णांमुळे येणारा अशा एकेका भागाची सरासरी; गुण जास्त तेवढा थकवा जास्त. कामाच्या भागात माझे ६८ आले. नंतर लक्षात आलं, 'घरच्यांसाठी ताकद उरते का' हा प्रश्न उलटा मोजायचा असतो. दुरुस्त केल्यावर ७५. आणि रुग्णांच्या भागात फक्त २५! मला इथेच ही चाचणी पटली. पेशंटचा मला वीट आलेला नाही. सलग नाइट, एका सिस्टरकडे तीन व्हेंटिलेटर आणि ऐनवेळी बदलणारं रोस्टर, दमवतंय ते हे.

खोट एकच, माझी प्रत इंग्रजी. वॉर्डातल्या मावशींना तोंडी मराठी करून विचारली. थकवा, दमणं, गळून जाणं असे वेगवेगळे प्रश्न आहेत. मावशींना सगळे एकच वाटले. "दमता का म्हणजे काय गं? दमल्याशिवाय झोप कशी लागंल?" त्या उत्तराला किती गुण द्यायचे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पाचपैकी चार. इन्चार्ज सिस्टरांना माझा कागद दाखवला, तर म्हणाल्या, "कोरी प्रत आहे का एखादी?"