लोकरीचे वीस ससे आणि 12,889 रुपये

घरबसल्या काम देतो असे सांगून पैसे उकळण्याचा प्रकार कुणालाच नवा नाही. अगरबत्ती, पेन्सिलींचे पॅकिंग, डेटा एंट्री, सगळ्यांची रीत एकच. तरीही मी फसले, आणि ज्या विणकामात माझा पंचवीस वर्षांचा हात आहे त्यातच फसले, हे लिहिताना मान खाली जाते.

दोन सुयांवर विणलेला, आत फायबर भरलेला ससा करून द्यायचा आणि नगामागे 350 रुपये घ्यायचे, अशी जाहिरात होती. नोंदणीचे 499 रुपये भरल्यावर नमुन्याचा ससा घरी आला. मी तो उलटसुलट करून पाहिला, तेव्हा कानाच्या मुळाशी ओव्हरलॉकची, म्हणजे कापलेली कड उसवू नये म्हणून यंत्राने घातलेली शिवण दिसली. हाताने विणलेल्या खेळण्याचे भाग टाके वाढवत आणि कमी करत सुईवरच आकार घेतात आणि त्यांच्या कडा टाके बंद करून संपतात, त्यामुळे कापून ओव्हरलॉक मारण्याची वेळच येत नाही. तो ससा सरळसरळ यंत्रावर विणलेल्या कापडातून कापलेला होता. माझे माहेर इचलकरंजीचे, जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला. मला शिवण कळत नाही असे कोण म्हणेल? मी त्या शिवणीवरून अंगठासुद्धा फिरवला, आणि ‘नमुना घाईत केला असेल’ अशी त्यांची वकिली माझी मीच केली. मुलीची फी तोंडावर आली होती. त्याच संध्याकाळी लोकर व फायबरचे 2,850 आणि ‘परत मिळणारी’ अनामत 3,000 रुपये यूपीआयने पाठवले. काम देणारा आधी तुमच्याकडूनच पैसे मागत असेल, तर तिथेच फोन ठेवा.

एका सशाला आठ तास लागत. करडी लोकर विसांपैकी शेवटच्या तीन सशांच्या कानांना पुरली नाही, म्हणून ते कान मी घरातल्या मोतिया लोकरीचे केले. कुरिअरचे 640 रुपयेही माझेच गेले. आठ दिवसांनी उत्तर आले, ‘टाक्यांची घनता नमुन्याशी जुळत नाही, सर्व माल नापास.’ यंत्राशी हात कसा जुळेल? ससे परत आले नाहीत, अनामतही नाही. उलट वकिलाच्या नावाच्या कागदावर, करारभंगाचे 5,900 रुपये चोवीस तासांत न भरल्यास अटक होईल, अशी नोटीस व्हॉट्सॲपवर आली. यजमानांना न सांगता रात्री साडेदहाला मी तेही भरले. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी वाजवी भरपाई किती ते न्यायालय ठरवते, आणि असा करार मोडला म्हणून कुणाला व्हॉट्सॲपवरून अटक होत नाही, हे मला नंतर समजले.

पोलीस ठाण्यात तीन हेलपाटे झाले. पहिल्या दिवशी ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’, दुसऱ्या दिवशी ‘लोकर मिळाली ना ताई, मग हा व्यवहार झाला, ग्राहक मंचात जा’, आणि तिसऱ्या दिवशी एका हवालदाराने नमुन्याचा ससा टेबलावर उभा करून शेजाऱ्याला दाखवला व दोघे हसले. मी शिवण दाखवत होते आणि ते ‘एवढ्याशा रकमेसाठी’ म्हणत होते. एवढीशी रक्कम कुणाची? बँकेने ‘पिन तुम्हीच टाकलात’ म्हणून हात झटकले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक मिळाला, पण तोपर्यंत शेवटच्या व्यवहारालाही बावीस दिवस उलटून गेले होते आणि पैसे त्या खात्यात उरले नव्हते. लाजेत दिवस घालवू नका, त्याच तासात 1930 फिरवा. पार्सलचे वेष्टन, पावत्या, चॅट यांतले काही फेकू नका. मी वेष्टन फेकले आणि पाठवणाऱ्याचा पत्ताच गेला.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात निराळ्या नावाने पुन्हा दिसली. नोंदणी आता 599 रुपये आहे, आणि फोटोतल्या करड्या सशाचे दोन्ही कान मोतिया लोकरीचे आहेत.