नाव गावच्या यादीत ठेवायचं की मुंबईत आणायचं?

माझा चुलतभाऊ नऊ वर्षं भांडुपला राहतोय. बायको इथेच नोकरी करते, मुलगी इथल्याच शाळेत जाते. त्याचं मत मात्र संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत. २०२४ च्या लोकसभेला जमून गेलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान ७ मे रोजी होतं आणि तो आंब्यांसाठी गावीच होता. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान आलं, तेव्हा रजा मिळाली नाही. मग १५ जानेवारी २०२६ ला मुंबई महापालिकेचं मतदान झालं. त्या दिवशी सगळी सोसायटी खाली रांगेत आणि हा गॅलरीत उभा. परवा त्याने विचारलं, "दादा, नाव इकडे वळवू का? पण मग गावाशी काय राहिलं?"

हा प्रश्न मुंबईतल्या हजारो घरांत आहे, म्हणून त्याला जे सांगितलं ते नीट मांडतोय.

पहिल्यांदा कायदा, कारण निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार माणूस जिथला 'सर्वसाधारण रहिवासी' असतो, तिथल्या यादीत त्याचं नाव लागतं. गावात घर आहे, जमीन आहे एवढ्यावरून कोणी तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही, असं कलम २० स्पष्ट म्हणतं. तेच कलम असंही म्हणतं की काही काळासाठी बाहेर गेलेल्या माणसाचा रहिवास तुटत नाही. सहा महिन्यांच्या कामासाठी मुंबईत आलेल्याला नाव हलवायची गरज नाही. नऊ वर्षं संसार इथे असलेल्याला 'मी तात्पुरता आलोय' असं म्हणता येणार नाही.

दोन्हीकडे नाव ठेवायची सोय नाही. कलम १७ ते मनाई करतं, आणि खोटं लिहून देऊन नाव लावलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. एकाच निवडणुकीत दोन मतदारसंघांत मत दिलं तर दोन्ही मतं बाद. लोकसभेला कोकणात ७ मे आणि मुंबईत २० मे अशा वेगळ्या तारखा आल्या, तेव्हा 'दोन्हीकडे टाकू की' असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. ते बोलणारी माणसं वाईट नव्हती, त्यांना हा गुन्हा आहे हेच माहीत नव्हतं. महापालिका निवडणुकीत राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापायला लावले आणि अशा मतदाराकडून केंद्रावर लिहून घ्यायला सांगितलं. आपल्या नावापुढे ते तारे दिसावेत असं कोणाला वाटेल?

कुठे किती मतं

गावी नाव असेल तर लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत अशा पाच निवडणुकांत मत आहे. ग्रामपंचायतीला तर सरपंचाचं एक आणि आपल्या प्रभागातल्या दोन-तीन जागांचं प्रत्येकी एक, अशी बटणं एकाच दिवशी दाबायची असतात. मुंबईत जिल्हा परिषद नाही. इथे लोकसभा, विधानसभा आणि महापालिका, अशी तीनच. मुंबईत लोकसभेचे ६ मतदारसंघ, विधानसभेचे ३६ आणि महापालिकेचे २२७ प्रभाग आहेत, आणि प्रत्येक प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो.

नुसती संख्या मोजली तर गाव पुढे. शिवाय गावच्या यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. नाव काढलं की २६ जानेवारीच्या किंवा १ मेच्या ग्रामसभेत मत मांडायचा अधिकार जातो, आणि ग्रामपंचायतीला उभंही राहता येत नाही. हे खरं नुकसान आहे आणि मी ते लहान मानत नाही. ज्याला पुढेमागे गावी जाऊन सरपंचपदाला उभं राहायचंय, त्याने याचा विचार आधी करावा.

बाकी ज्या भीती लोक सांगतात त्या निराधार आहेत. सातबारावरचं नाव, घरपट्टी, वारसा, देवस्थानातला मान, गावकीतली वर्गणी, यातलं काहीही मतदार यादीवर चालत नाही. माझ्या काकांनी तीस वर्षांपूर्वी नाव मुंबईत आणलं. पालखी आजही आमच्या अंगणात येते.

'मुंबईत लाखोंत माझ्या एका मताला कोण विचारतो, गावात दोन मतांनी सरपंच पडतो' हेही मी पुष्कळदा ऐकलंय. गावाबद्दल ते बरोबर आहे. मुंबईबद्दल नाही. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना समसमान मतं पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लागला. २०२४ ला मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभेचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. अठ्ठेचाळीस! आमच्या जुन्या चाळीच्या एका मजल्यावर त्याहून जास्त मतदार होते.

आणि मत देऊन आपण काय ठरवतो तेही बघा. भांडुपच्या घरात नळाला पाणी किती वाजता येतं, कचऱ्याची गाडी, पावसाळ्यातला नाला, मुलीच्या शाळेसमोरचा फुटपाथ, केईएम-नायर-सायनसारखी रुग्णालयं, हे सगळं महापालिकेच्या हातात. २०११ च्या जनगणनेतली सव्वा कोटी लोकसंख्या २२७ ने भागली तर एका नगरसेवकामागे सरासरी ५४-५५ हजार माणसं येतात. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून जानेवारी २०२६ पर्यंत इथे नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. इतक्या वर्षांनी मतदान आलं आणि त्याही वेळी माझा भाऊ गॅलरीत.

मतदानाच्या दिवसाचा हिशेब

मुंबईत नाव असलं तर केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर. २०२४ मध्ये मोठ्या सोसायट्यांच्या आवारातही केंद्रं होती. रांग मोठी असली तरी अर्ध्या दिवसाचं काम.

गावी जायचं तर संगमेश्वरपर्यंत तीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रात्रीची एसटी किंवा कोकण रेल्वे, आणि परतीची दुसरी रात्र. भरपगारी सुट्टीचा हक्क मात्र तुम्हाला आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब नुसार ती मिळते, रोजंदारीवाल्यालाही मिळते, आणि मतदारसंघाबाहेर नोकरी करणाऱ्यालाही लागू होते असं निवडणूक आयोगाने स्पष्ट केलंय. पण ती एका दिवसाची. प्रवासाचे दिवस आपल्या रजेतून. घरात चार मतं असतील तर चौघांची रजा, चौघांचं तिकीट आणि मुलांची शाळा.

मुंबईहून फुकट गाड्या सुटतात, त्यातून जाऊ असं कोणी म्हणत असेल तर एक लक्षात ठेवा. लोकसभा-विधानसभेला उमेदवाराने गाडी भाड्याने घेऊन मतदारांना फुकट नेणं हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे. आपल्या मतावर कोणाच्या गाडीभाड्याचं ओझं का घ्यायचं?

बाहेरगावाहून मत देता यावं म्हणून आयोगाने दूरस्थ मतदान यंत्र तयार केलं होतं. एका यंत्रावर ७२ मतदारसंघ हाताळता येतील असं ते होतं आणि जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायला बोलावलंही होतं. निवडणुकीत ते अजून आलेलं नाही. टपाली मतपत्रिका नुसत्या मुंबईत राहतो म्हणून मिळत नाही.

परळ सोडून डोंबिवलीला गेलेले

हा आणखी एक प्रकार गावाइतकाच मोठा आहे. चाळ विकली किंवा खोली लहान पडली म्हणून डोंबिवली, विरार, बदलापूरला गेलेली माणसं मतदानाला परळ-लालबागला येतात. जुने शेजारी भेटतात, पोहे होतात, फोटो निघतात. मलाही तो दिवस प्रिय आहे. पण जे घर कायमचं सोडलं, तिथल्या यादीत नाव ठेवणं कायद्यात बसत नाही, आणि ज्या शहरात आपण पाणीपट्टी भरतो तिथल्या पालिकेत आपलं मत नसतं. पोहे खायला एखाद्या रविवारी जावं.

पुनर्विकासात संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात गेलेल्यांचं वेगळं आहे. ते परत येणार आहेत. 'तात्पुरती अनुपस्थिती' म्हणून जुन्या पत्त्यावर नाव ठेवायला त्यांच्याकडे खरा आधार आहे. बीएलओ, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी तपासणारा अधिकारी, चौकशीला आला की इमारत पाडलेली दिसते आणि नाव 'स्थलांतरित' म्हणून निघू शकतं, तेव्हा बिल्डरशी झालेल्या कराराची प्रत जवळ ठेवा. झोपडपट्टीत राहणाऱ्यांनी तर यादीतल्या नावाला फार जपावं. पुनर्वसनाच्या घरासाठी १ जानेवारी २००० पूर्वीचा रहिवास दाखवताना मतदार यादीचा उतारा हा पुरावा म्हणून चालत आलाय.

ठरलं, तर फॉर्म कोणता

इथे सगळ्यात जास्त माणसं चुकतात. आमच्या घरातच चूक झाली. लग्नानंतर बहिणीने सासरच्या पत्त्यावर नवीन मतदाराचा फॉर्म भरला. माहेरच्या यादीतलं नाव तसंच राहिलं आणि ती दुबार ठरली. ते निस्तरायला दोन वर्षं गेली.

फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी. 'माझं नाव दुसऱ्या कुठल्याही मतदारसंघात नाही' असं त्यात लिहून द्यावं लागतं. ज्याचं नाव आधीच कुठल्यातरी यादीत आहे, त्याने फॉर्म ८ भरायचा आणि त्यात राहण्याचं ठिकाण बदलल्याचा पर्याय निवडायचा. एकाच मतदारसंघात घर बदललं तरी तोच, रत्नागिरीहून मुंबईला आलात तरी तोच. जुन्या ठिकाणचं नाव काढायची प्रक्रिया त्यातूनच होते, ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो आणि नवीन पत्त्याचं कार्ड येतं.

पत्त्यासाठी आधार, बँक किंवा पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, वीज-पाणी-गॅसचं बिल किंवा नोंदणी केलेला भाडेकरार चालतो. भाड्याने राहणाऱ्यांनी अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्यावा, नुसत्या स्टॅम्पपेपरवरचा चालत नाही. हॉस्टेलवरच्या विद्यार्थ्याला मात्र खरी निवड आहे. तो आईवडिलांच्या पत्त्यावर नाव ठेवू शकतो किंवा हॉस्टेलच्या पत्त्यावर लावू शकतो.

ऑनलाइन भरायचा की बीएलओकडे कागदावर? मी ऑनलाइन म्हणेन, कारण संदर्भ क्रमांक मिळतो आणि अर्ज कुठे अडकलाय ते दिसतं. ज्येष्ठांना बीएलओ बरा, समोर बसून भरून घेतो. दोन्हीतही तपासणीला माणूस घरी येतोच. मुंबईत अर्ज अडकतात ते इथे: दिवसभर घराला कुलूप आणि खाली वॉचमन आत सोडत नाही. फॉर्म भरल्यावर शेजारी आणि वॉचमन दोघांना सांगून ठेवा. अर्ज फेटाळला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. शंका असेल तर १९५० हा क्रमांक आहे.

वेळेचं म्हणाल तर निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत बदल होत नाही. महापालिकेला विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडून वापरतात आणि त्यासाठी राज्य निवडणूक आयोग आधीची एक तारीख धरतो. त्या तारखेनंतर लागलेलं नाव पुढच्या वेळी. अठरा पूर्ण होणाऱ्यांसाठी आता वर्षात चार अर्हता तारखा, म्हणजे वय मोजायच्या तारखा, आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, आणि सतराव्या वर्षीच आगाऊ अर्ज करता येतो. भावाच्या मुलीला हे अजून पाच वर्षांनी लागेल.

केंद्रावरचं काम गावी आणि मुंबईत सारखंच. यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक आदल्या दिवशी बघून ठेवा. कार्ड हरवलं असेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट चालतो. यादीत नाव नसेल तर कार्ड असूनही मत देता येत नाही. लोकसभा-विधानसभेला निळं बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे शेजारच्या चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती बघूनच बाहेर पडा. आणि आपल्या नावावर कोणी आधीच मत देऊन गेलं असेल तर घरी परत येऊ नका. ओळख पटवून 'प्रदत्त मत' मागा. ते कागदी मतपत्रिकेवर असतं आणि वेगळ्या पाकिटात जातं.

भावाने त्याच रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर फॉर्म ८ भरला, बायकोचाही. काकूचं, म्हणजे त्याच्या आईचं नाव आम्ही गावीच ठेवलंय. ती मे महिन्यात चार दिवस मुंबईला येते, बाकी वर्षभर वाडीतच असते. तिला ८५ पूर्ण झाली की लोकसभा-विधानसभेला फॉर्म १२ ड भरून घरूनच मत देता येईल. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो द्यावा लागतो, म्हणून ती तारीख लक्षात ठेवायचं काम भावाने स्वतःकडे घेतलंय.