नवीन टॉवरमध्ये दोन पावसाळे काढल्यावरचा अनुभव: गळती, पोकळ टाईल्स आणि रेराची पाच वर्षं

पुण्यात पुनावळेला आमचा टू बीएचके आहे, नवीन टॉवर, वरच्या मजल्यांपैकी एक, पझेशन घेतल्यापासून दुसरा पावसाळा आता संपत आलाय. बिल्डरचं नाव लिहीत नाहीये. उजेड, हवा, लेआऊट, लिफ्ट, यात नाव ठेवायला जागा नाही, तेवढं आधीच सांगते. पण कामाच्या क्वालिटीबद्दल लिहायलाच हवं, कारण वीस-वीस वर्षांचं लोन डोक्यावर घेऊन माणसं घर घेतात आणि सॅम्पल फ्लॅटमध्ये बघतात काय तर स्विच, किचन ट्रॉल्या आणि फॉल्स सीलिंग. यातलं काहीच पावसात उघडं पडत नाही.

आमची बिल्डिंग मायवानची. म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओततात, विटा नाहीत, म्हणून गळायचा प्रश्नच नाही असं बुकिंगच्या वेळी छातीठोकपणे सांगितलं होतं. पण ते साचे धरून ठेवायला भिंतीतून आरपार टाय, म्हणजे धातूच्या पट्ट्या, घालतात, साचे काढले की तिथे भोकं राहतात आणि ती ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ माल, भरून नीट बंद करावी लागतात. आमच्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून वरवर पुट्टी फासून टेक्स्चर मारलेलं निघालं. पहिल्याच आडव्या पावसात बेडरूममध्ये कुबट वास यायला लागला, कपाट सरकवलं तर मागचं जिप्समचं प्लास्टर पापडासारखं फुगलेलं, आणि ओले गोल डाग एका ओळीत, सारख्या अंतरावर. साईट इंजिनिअरने बघून सांगितलं, "मॅडम, हे कंडेन्सेशन आहे, हवेतली वाफ भिंतीवर साचते, खिडक्या उघड्या ठेवत जा." कंडेन्सेशन असं मोजून-मापून ओळीत येतं का हो? फोटो मेल केले, परत परत केले, शेवटी बाहेरून झुला लावून भोकं उघडली आणि ग्राउट भरलं, त्यानंतर ती भिंत यंदा कोरडी आहे. म्हणजे काम नीट केलं तर होतं, हे मला मुद्दाम सांगायचंय.

बाथरूमचं मात्र अजून सुटलेलं नाही. आमच्या कॉमन बाथरूमच्या छताला ओल येते, वरच्या काकूंच्या नहाणीतून. काकूंचा यात काडीचा दोष नाही, पण त्या बिचाऱ्या रोज आम्हाला सॉरी म्हणतात. खरं तर वॉटरप्रूफिंग झालं की टाईल लावायच्या आधी ट्रॅप, म्हणजे पाणी जायची जाळी, बंद करून पाणी भरून ठेवायचं असतं, एक-दोन दिवस, आणि खालच्या मजल्यावरून ओल बघायची. पझेशननंतर आम्ही काकूंच्या परवानगीने तेच केलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाईपच्या कडेने थेंब. बिल्डरची माणसं येतात, खालून छतात केमिकलचं इंजेक्शन मारतात, वर पांढरा रंग देतात आणि जातात. गळती वरून, तर खालून बुजवून काय होणार, पाणी दुसरीकडून वाट काढतंच. वरची टाईल फोडून कोबा नव्याने केल्याशिवाय हे थांबणार नाही, आणि तेवढंच त्यांना करायचं नाहीये.

टाईल्सचं थोडक्यात: नाणं घेऊन ठोकत चाला, हॉलमध्ये निम्म्या पोकळ वाजतात, म्हणजे खाली माल नीट भरलेलाच नाही. दोन तडकल्या, बदलून दिल्या, शेड वेगळा.

आता महत्त्वाचं. रेरा, म्हणजे बिल्डरकडून घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, त्याचं कलम १४(३) वाचून ठेवा. पझेशनपासून पाच वर्षांच्या आत स्ट्रक्चरचा किंवा कामाच्या क्वालिटीचा दोष लक्षात आणून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करायचा, नाही केला तर नुकसानभरपाई मागता येते. आमच्या ग्रुपवर कितीतरी जण "एक वर्षाची वॉरंटी संपली" ऐकून गप्प बसले होते, त्यांना हे माहीतच नव्हतं, आणि याचा मला खरंच राग येतो. तक्रार तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर ठेवू नका, मेल करा, फोटोवर तारीख येऊ द्या. ॲग्रीमेंटमध्ये बहुतेक वेळा असंही असतं की परवानगीशिवाय भिंत किंवा प्लंबिंग बदललं तर ही जबाबदारी संपते, तेव्हा इंटिरिअरवाल्याला बाथरूमला हात लावू देण्याआधी ते पान काढून वाचा. आणि पझेशन लेटरवर "सर्व काम समाधानकारक" असं छापलेलं असेल तर सहीच्या वर दोषांची यादी हाताने लिहा, त्यांनी कितीही घाई केली तरी. जमलं तर पावसाळ्यातच फ्लॅट बघायला जा, जोराचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी, आणि बेसमेंटच्या पार्किंगमध्येही एक चक्कर मारा.

आमच्या विंगमधले गळती असलेले सगळे फ्लॅट मिळून आता महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, ऑनलाईन तक्रार करतोय, फी ५००० रुपये आहे. कागद तयार आहेत. काकू पण सोबत आहेत.